ठकीला माज आला नव्हता

ज्यांच्या घरी म्हातारं मांजर आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्यांच्या घरी नाही त्यांना वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. गेलं वर्षभर निम्मं गाव माझ्यावर हसतंय, त्यात तुमची भर.

माले गावात माझी पिठाची गिरणी आहे. नवऱ्याची नाही, माझी. लायसन माझ्या नावावर, मीटर माझ्या नावावर आणि दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी मीच लावते. ठकी ही त्या गिरणीतली मांजर. वय पंधरा. गिरणीत मांजर शोभेला ठेवत नाहीत, उंदरांसाठी ठेवतात, आणि ठकीनं तेरा वर्षं माझ्या गिरणीत एक उंदीर टिकू दिला नाही. बायकांचे डबे ओळीनं लागले की ही शेवटच्या डब्यावर जाऊन बसायची, आणि नवा डबा आला की उठून त्याच्यावर. कुणाचा नंबर कितवा यावरून भांडणं व्हायची, तेव्हा बायका म्हणायच्या, ठकीला विचारा. तेरा वर्षांत तिनं दाण्याला तोंड लावलं नाही की गिरणीत कधी घाण केली नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. पुढं काय झालं ते कळावं म्हणून सांगतेय.

मागच्या दिवाळीनंतर ती बिघडली. भर दुपारी भिंतीकडं तोंड करून ओरडायची. साधं म्याव नाही, घसा ताणून, कुणीतरी शेपटीवर पाय दिल्यासारखं. हात लावायला गेलं की चावायची. खायची थोडं आणि वाळत चालली होती. पाणी मात्र बादलीला तोंड लावून बसायची. आणि मग एक दिवस तिनं सुनंदाच्या गव्हाच्या पोत्यावर मुतून ठेवलं.

सुनंदा ही वरच्या आळीची. तिच्या घरचं दळण मोठं आणि तोंड त्याहून मोठं. तिनं ते ओलं पोतं रस्त्यावर आणून चार बायकांना वास घ्यायला लावला. मग गिरणीच्या दारात उभी राहून म्हणाली, "वैनी, मांजर ठेवा, न्हाईतर आमचं दळण ठेवा. दोनी न्हाई व्हायचं."

तर प्रश्न एवढाच होता. मांजर का गिरणी. आणि गिरणी म्हणजे माझं सगळं, कारण आमच्या मालकांचा दिवस वडाखाली एजंट लोकांबरोबर जातो. नेऱ्याकडं गुंठ्याला काय भाव चाललाय हे त्यांना तोंडपाठ असतं. घरातले तांदूळ कधी संपले हे त्यांना कधी कळलेलं नाही.

*

सगळे म्हणाले, मांजर माजलंय. आणि खरं सांगते, सगळ्यात आधी ते मीच म्हणाले.

माज हा शब्द आमच्याकडं फार स्वस्त आहे. पोरगं उलटं बोललं की माज. सून दुपारी घटकाभर आडवी झाली की माज. जमीन विकून गाडी घेतली त्याला तर माज असतोच, तो बिचारा पायी चालला तरी असतो. म्हाताऱ्या माणसानं आमटीला नाव ठेवलं की म्हातारपणी माज आलाय. एकदा माज म्हटलं की पुढं काही करावं लागत नाही, फक्त उतरवावा लागतो. डोक्याला ताप नाही.

आमच्या भागात गाई भरवायला, म्हणजे गाभण करायला, मोटारसायकलवरून एक जण येतो. तो डॉक्टर नाही, पण पेटी आहे म्हणून त्याला डॉक्टर म्हणायचं. मी त्याला गिरणीसमोर थांबवलं आणि म्हटलं, मांजर माजलंय हो आमचं, काही औषध आहे का. त्यानं गाडी बंदसुद्धा केली नाही. विचारलं, किती दिवस झाले माजावर येऊन. मी म्हटलं, दोन महिने. तो जरा चमकला. मग म्हणाला, "ओरडतीया का?" म्हटलं, ओरडते. "खात न्हाई?" म्हटलं, नाही. "मंग वैनी, बोका दावा की. औषिद कशाला लागतंय?"

मी म्हणत होते माजली, तो ऐकत होता माजावर आली. पंधरा वर्षांच्या मांजरीला. मला तिथंच त्याला दोन शब्द सुनवता आले असते, पण मी बावळटासारखी मान डोलावली. पेटीवाल्या माणसापुढं माझी अक्कल गहाण पडते, हा माझा जुना रोग आहे.

पुढचा मूर्खपणा मालकांचा. आयुष्यात एक काम त्यांनी वेळेवर केलं ते हे. दुसऱ्याच दिवशी पौडावरून कुणाचा तरी बोका टोपलीत घालून घेऊन आले. लालभडक, नाक फाटलेला, पुढाऱ्यासारख्या मानेचा. त्यानं ठकीकडं एकदा बघितलं, तिच्यापुढची सुकट खाल्ली, बाजरीच्या पोत्यावर फवारा मारला आणि छपरावरून निघून गेला. ठकी भिंतीकडं बघून ओरडत होती ती ओरडतच राहिली. दळणाला आलेल्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या आणि मालक त्यांना सांगत होते की बोकाच कमअस्सल निघाला.

यात अजून दोन महिने गेले. ठकी हातात घेतली तर बरगड्या मोजता येत होत्या.

*

आता पोत्याचं. आमच्याकडं नको झालेलं मांजर मारत नाहीत, पाप लागतं म्हणे. पोत्यात घालायचं, नदीपलीकडं न्यायचं, पोतं तीनदा गरागरा फिरवायचं म्हणजे त्याला दिशा कळत नाही, आणि तोंड सोडून मागं न बघता यायचं. याला म्हणतात सोडून येणं. यात पाप नाही. आमच्या लोकांनी पापाची व्यवस्था फार सोयीनं लावलेली आहे.

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, तुझं मांजर, तू बघ. म्हणून मीच गेले. पुलापलीकडं झुडपं आहेत तिथं दुपारी बाराच्या उन्हात मी पोतं खाली ठेवलं. फिरवलं. तीनदाच फिरवलं, चौथ्यांदा नाही, नियमाची मी पक्की आहे. तोंड सोडलं आणि निघाले. मागं बघितलं नाही.

गिरणीत येऊन मोटार चालू केली. पहिल्या डब्यात ज्वारी होती. दुसऱ्यात बाजरी. तिसरा डबा कुणा नव्या सुनेचा, उपासाची भगर. मी बाजरीवरच भगर टाकली. दगड साफ न करता. तीस वर्षांत असं माझ्या हातून झालेलं नाही. ती पोर कावरीबावरी होऊन म्हणाली, काकू, हे पीठ हिरवट दिसतंय. मी ते पीठ बघितलं, मेन स्विच खाली केला, तिला म्हटलं तुला घरची भगर देते, आणि चालायला लागले.

ठकी पोत्यातच होती. बाहेर आलीच नव्हती. तोंड उघडं, समोर सगळं रान मोकळं, आणि ही आत अंग चोरून बसलेली. मी हाक मारली. मान हलली नाही. जवळ जाऊन टाळी वाजवली, कान हलले नाहीत. तेव्हा मला कळलं की हिला ऐकूच येत नाही. चार महिने ती ओरडत होती ती स्वतःचा आवाज तरी ऐकू यावा म्हणून ओरडत असेल, आणि मी तिच्यावर खेकसत होते. बहिऱ्यावर खेकसणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा.

मी तिला पदरात घेऊन आले. वाटेत दोघांनी विचारलं, सोडायला निघालात का. म्हटलं नाही, आणायला गेले होते.

*

माझी मुलगी सोनल बावधनला राहते, तिकडंच एका कंपनीत आहे. तिला फोन केला तर आधी रडली, मग ओरडली, मग म्हणाली, मम्मी तू पण ना. हे तिचं सगळ्यावरचं वाक्य आहे. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली आणि आम्ही ठकीला तिच्या घराजवळच्या दवाखान्यात नेलं. भूगावच्या गर्दीत तास गेला. ठकी माझ्या मांडीवर मुतली. सोनल म्हणाली, सीट. मी म्हटलं, लुगडं.

तो दवाखाना कसला, लग्नाचा हॉल. गारवा, सोफा, भिंतीवर हसणारी कुत्री. समोरच्या पोरीनं वहीतून मान वर न करता विचारलं, "मम्मा कोण, तुम्हीच का?" मी म्हटलं, मी हिची आई नाही, मी गिरणीवाली आहे. शेजारी एक बाई बसली होती, तिच्या कुत्र्याच्या अंगात स्वेटर. बाहेर ऊन असं की डांबर मऊ झालेलं. ती मला म्हणाली, माझं बाळ फार सेन्सिटिव्ह आहे. बाळ माझ्या चपलेचा पट्टा चावत होतं. गावात जनावराला जनावर म्हणून पोत्यात घालतात आणि इथं त्याला माणूस म्हणून स्वेटरात घालतात. जनावराला नेमकं काय होतंय हे बघायला दोन्हीकडं कुणाला सवड नाही.

डॉक्टरीणबाई मात्र बऱ्या निघाल्या. तरुण होत्या, कमी बोलायच्या, मांजर नीट धरायच्या. रक्त घेतलं, पोट चाचपलं, कानात उजेड टाकला. खूप प्रश्न विचारले. कधीपासून ओरडते, कुठं कुठं लघवी करते, पाणी किती, खाणं किती, कोपऱ्यात अडकल्यासारखी उभी राहते का. त्या विचारत गेल्या, मी उत्तरं देत गेले. मग म्हणाल्या, हिच्या किडन्या निम्म्याहून जास्त गेल्यात. कानही गेलेत. आणि म्हातारपणानं हिला थोडा विसर पडायला लागलाय, म्हणून भिंतीपाशी उभी राहते, म्हणून जागा चुकते. चावते ती बहुतेक अंग दुखत असेल म्हणून.

मी विचारलं, म्हणजे माज नाही. मांजराला कसला माज ते त्यांना कळलं नाही. सोनलनं इंग्रजीत काहीतरी सांगितलं. त्या म्हणाल्या, नाही हो काकू, आजारी आहे ती.

बरी होणार नाही, हेही त्यांनी तिथंच सांगितलं. सांभाळता येईल, काही महिने, कदाचित वर्ष. पाणी सतत समोर असू दे, कधी कमी पडू देऊ नका, हे मात्र दोनदा म्हणाल्या. मी मान हलवली. बाहेर आल्यावर सोनलनं माझा हात धरला आणि मी तो सोडवून घेतला, कारण मला रडायचं नव्हतं, त्या स्वेटरवालीसमोर तर नाहीच.

*

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी आता कामाचं सांगते.

एक दिवसाआड कातडीखाली सलाईन. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत धरून उचलायची, तंबूसारखी होते, त्यात सुई. पहिल्यांदा सुई मी आरपार घातली आणि निम्मं सलाईन मालकांच्या धोतरावर गेलं. दुसऱ्यांदा माझ्या बोटात गेली. पाचव्यांदा जमलं. तुम्हालाही जमेल, माझ्याहून धांदरट माणूस मी पाहिलेला नाही. बाटली मी मोटारीच्या जुन्या पट्ट्याच्या खिळ्याला टांगते. गोळीचं पीठ करून तुपात कालवून दाताच्या मागं लावायचं, थुंकता येत नाही. दवाखान्यातलं ते किडनीचं खाणं ठकीनं तीन दिवस हुंगलं आणि त्यावर माती ओढायची खूण केली. कोमट पाणी घालून मऊ केलं तेव्हा खायला लागली. सुकट आणि बोंबील बंद. आमच्याकडं मांजर आजारी पडलं की आधी सुकट देतात, त्यातलं मीठ त्याला संपवतं. मीही दिली होती.

घरात रोज वाद. मालक म्हणायचे, माणसाला सलाईन मिळत नाही आणि तू मांजराला लावतेस. वडाखालच्या मंडळींनी त्यांना सलाईनवाले म्हणायला सुरुवात केली होती, त्याचा तो राग. पण बाटली गार असली की ठकी अंग काढून घ्यायची, आणि चुलीपाशी ठेवली तर जास्त तापायची. एकदा बघते तर मालक ओट्यावर बसून फोनवर कुणाला तरी गुंठ्याचा भाव सांगतायत आणि बाटली बंडीच्या आत, काखेत धरलेली. मी बघितलं तसं म्हणाले, "काय बगतीस? अंगाची ऊब बरोबर बसतीया." त्या दिवसापासून बाटली तेच ऊबदार करतात. भाव अजून सांगतात. माणूस सगळाच वाया गेलेला नसतो, एवढंच मला त्यातून कळलं.

ठकीला मी मागच्या खोलीत ठेवलं, मध्ये जाळीचं दार बसवलं. तरी निम्मी गिऱ्हाइकं गेलीच. सुनंदानं आळीतली सगळी दळणं पौडाला वळवली. येता-जाता मला विचारायची, मांजराच्या बाराव्याचं आमंत्रण कधी. उंदीर परत आले, त्यांच्यासाठी पिंजरे लावले. रोज सकाळी पिंजरा घेऊन ओढ्याकडं जायचं आणि घरी येऊन म्हाताऱ्या मांजरीला भरवायचं. गावाला याहून चांगली करमणूक मिळाली नसती.

आणि ठकी सगळं विसरत चालली आहे. जेवलेलं विसरते, दार कुठं ते विसरते, काही दिवस मला विसरते. पण कुणी पोतं झटकलं की जाळीमागं जिथं असेल तिथं लघवी सुटते तिची. ऐकू येत नाही, जमिनीतून कळत असेल. तेवढं ती विसरली नाही.

*

हे इथंच संपवणार होते. पण परवा दुपारी सुनंदा आली.

एकटीच आली, पिशवीत किलोभर नाचणी. एवढ्यासाठी कुणी वरच्या आळीतून उतरत नाही. नाचणी दळून झाली तरी उभी. मग जाळीतून ठकीकडं बघत म्हणाली, हिला आधी काय काय होत होतं. मला वाटलं नवीन थट्टा आहे. मी फटाफट सांगितलं. उगाच ओरडायची, चावायची, भलतीकडं मुतायची, वाळली होती, भिंतीकडं बघत बसायची.

सुनंदा खाली पोत्यावर बसली. म्हणाली, "आमच्या तात्यांचं आसंच हाय, वैनी."

तात्या म्हणजे तिचे सासरे. दीड वर्षापासून त्यांना गोठ्यात ठेवलंय हे गावाला माहीत होतं. माज आलाय म्हाताऱ्याला, शिव्या देतो, अंगावर येतो, असं सुनंदाच सांगत फिरायची आणि आम्ही सगळ्या हं म्हणायचो. मीसुद्धा.

सहा महिने तिला काय सुनवायचं ते मी मनात घोकून ठेवलं होतं. एकेक वाक्य धार लावून. ते सगळं तोंडाशी आलं. पण आता डॉक्टरीणबाईंसारखे प्रश्न विचारायची सवय लागलेली, म्हणून आधी विचारलं, पाणी किती पितात ते?

"लई प्यायचे," ती म्हणाली. "आता न्हाई. तांब्याच उचलून ठिवलाय. समदं हातरून भिजवत्यात ना."

वर एक गोष्ट मी लिहिली नाही. विसरले नव्हते, लिहिली नाही. पोत्यात घालायच्या आधी तीन आठवडे मी ठकीची पाण्याची बशी उचलून ठेवली होती. बादलीवर फळी टाकली होती, तिच्यावर वरवंटा. मुतायला नको म्हणून. मी फरशी पुसली की ती ओली फरशी चाटायची. मी बघायचे आणि दार लावून घ्यायचे. दवाखान्यात मला विचारलं होतं, पाणी कधी बंद केलं होतं का. मी नाही म्हणाले. मालकांना माहीत नाही, सोनलला माहीत नाही. पेटीवाला, बोका, स्वेटरवाली, सगळ्यांवर नाक वर करून एवढं लिहिलं, आणि ठकीच्या किडन्यांचं उरलंसुरलं मी स्वतःच्या हातानं वाळवलं होतं.

सुनंदाला म्हटलं, मी पण बशी उचलली होती. तिला आधी कळलं नाही. पुन्हा सांगितलं. मग मी गिरणी बंद केली, माठातून तांब्या भरून घेतला आणि तिच्याबरोबर निघाले. वाटेत सोनलला फोन करून म्हटलं, उद्या गाडी घेऊन ये, आपल्याला माणसांच्या दवाखान्यात जायचंय.

गोठ्यात तात्या खाटेवर कडेला वळून पडले होते. ओठ फुटलेले. मला बघून शिवी घातली. मी तांब्या पुढं केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि रिकामा होईपर्यंत तोंडापासून काढला नाही. अर्धं पाणी छातीवर गेलं. मग तांब्या माझ्याकडं परत देत, सुनंदाकडं न बघता, हळू आवाजात विचारलं,

"आजून हाय का?"